भिजेपर्यंत

भोपळा चौथ्यांदा लिलावाला आला तेव्हा मंडपात हशा उसळला. नगर जिल्ह्यातल्या एका लहानशा चर्चच्या आवारात सुगीचा सण चालला होता. मराठी ख्रिस्ती मंडळींना हा सण सांगावा लागत नाही, इतरांसाठी सांगते. शेतातलं पहिलं पीक, कोंबडी, अंडी, तुरीच्या शेंगा, ज्याच्याकडे जे असेल ते देवाला वाहायचं आणि तिथल्या तिथे त्याचा लिलाव करायचा. बोली जिंकणारा पैसे भरतो आणि पुष्कळदा तीच वस्तू पुन्हा अर्पण करतो. मग ती पुन्हा लिलावात येते. त्या दिवशी तो भोपळा दुपारपर्यंत फिरत राहिला, कारण त्याचे पैसे कुठे जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मंडळीतली एक सिस्टर पश्चिम आफ्रिकेत सेवेला निघाली होती आणि तिच्या विमानाच्या तिकिटात भर घालायची होती.

सिस्टर म्हणजे नर्स. वय एक्केचाळीस, शिक्षण मिरजेत, वीस वर्षं सर्जिकल वॉर्डात काढलेली. तिच्या पणजीला अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत अक्षरओळख झाली. घरात पुढे दोन शिक्षक आणि तीन नर्सेस निघाल्या. "ताई, मिशन म्हटलं की लोकांना आम्ही कायम घेणारे दिसतो," ती मला म्हणाली. "गव्हाची पोती, दुधाची पावडर, शाळा, दवाखाना. घेतलं ते खरंच आहे. आता एकदा द्यायचंय."

या अंकाचा विषय संपादकांनी 'उंबरठा' ठरवला तेव्हा मला हे वाक्य आठवलं. परक्या देशात सेवेला गेलेल्या माणसाचा पहिला आठवडा नेमका कसा जातो, ते जवळून बघावं असं वाटलं. मनात एक जुनी अढीही होती. पंचवीसेक वर्षांपूर्वी, नवखी वार्ताहर असताना, एका खेड्यात परदेशी तरुणांची तुकडी शाळेची भिंत रंगवताना पाहिली होती. मुलं मनापासून राबत होती. गावातला रंगारी समोरच्या पारावर बसून ते बघत होता. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात भिंतीला पोपडे आले. तो पारावरचा माणूस माझ्या डोळ्यांपुढून गेलेला नाही. परवानगी काढून मी सिस्टरबरोबर निघाले, ती त्या माणसाला मनात घेऊनच.

खाडीपलीकडचं शहर

सिएरा लिओनला उतरताना विमान शहराच्या पलीकडच्या अंगाला, लुंगीला उतरतं. फ्रीटाउन समोरच्या किनाऱ्यावर. मध्ये नदीच्या मुखाची रुंद खाडी, ती बोटीने ओलांडायची. जानेवारीत सहारातून येणारा हरमट्टन वारा वाहतो आणि बारीक धुळीचा पडदा हवेत तरंगत राहतो. त्या पडद्यातून आधी डोंगर दिसले, मग डोंगरांवर चढत गेलेली पत्र्याची घरं आणि मग बंदर. पाऊस नव्हता, तरी डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत माणसांची ती दाटी बघून मला मुंबईच आठवली. पावसातही ही दोन शहरं बहिणीच आहेत. 2017 च्या ऑगस्टमध्ये याच डोंगराचा एक भाग मुसळधार पावसात घसरला आणि हजाराहून अधिक माणसं गेली.

धक्क्याबाहेर पडलो तर समोर रिक्षांची रांग! इथे तिला 'केके' म्हणतात. बऱ्याचशा रिक्षांवर बजाजचं नाव होतं, काहींवर टीव्हीएसचं. सिस्टरचा धाकटा भाऊ वाळूजला बजाजमध्येच कामाला आहे. तिने एका केकेच्या पत्र्यावर हात ठेवला आणि फोटो काढून घेतला. ड्रायव्हरला हिंदी सिनेमांची नावं पाठ होती. शहरात पोहोचेपर्यंत परकेपणा निम्मा उतरला होता आणि तिथेच धोका होता, असं आता वाटतं. ओळखीचं दिसलं की आपल्याला सगळं कळतंय असं वाटायला लागतं.

या देशाने गेल्या तीस-पस्तीस वर्षांत काय सोसलं आहे ते थोडक्यात सांगायला हवं. 1991 ते 2002 यादवी युद्ध. त्यातून सावरतोय तोवर 2014 मध्ये इबोला आला आणि सुमारे चार हजार माणसं घेऊन गेला. सुरुवातीला इबोलाशी लढणाऱ्यांत पुढे होते डॉ. शेख उमर खान. जुलै 2014 मध्ये त्यांचाच त्या रोगाने बळी घेतला. डॉक्टर आणि नर्सेस आधीच मोजक्या, त्यांतल्याही कितीतरी त्या साथीत गेल्या. हर्निया, थायरॉइडची गाठ, दुभंगलेला ओठ, भाजून आखडलेला हात यांची ऑपरेशनं आपल्याकडे जिल्ह्याच्या ठिकाणी होतात. इथे माणसं त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं थांबतात. 2015 च्या लॅन्सेट आयोगाने हिशेब मांडला होता की जगात 500 कोटी लोकांना सुरक्षित आणि परवडेल अशी शस्त्रक्रिया मिळत नाही. हा आकडा मी पूर्वी बातमीत लिहिला होता. फ्रीटाउनमध्ये त्याला चेहरे मिळाले.

मुंबईला येणारं जहाज

सिस्टर ज्या जहाजावर निघाली होती त्याचं नाव 'ग्लोबल मर्सी'. चीनमध्ये तियानजिनजवळ बांधलेलं, 2021 मध्ये ताब्यात आलेलं, 174 मीटर लांबीचं, बारा डेकचं. खालच्या दोन डेकवर पूर्ण हॉस्पिटल: सहा ऑपरेशन थिएटर्स, अतिदक्षता विभाग, वॉर्ड, प्रयोगशाळा, एक्स-रे. वरच्या डेकवर कर्मचाऱ्यांच्या केबिन्स, जेवणघर आणि त्यांच्या मुलांची शाळासुद्धा. ऑगस्ट 2023 मध्ये हे जहाज फ्रीटाउनला आलं आणि पुढच्या हंगामांतही तिथेच परतलं. उपचार मोफत. कॅप्टनपासून भांडी घासणाऱ्यापर्यंत परदेशातून आलेली बहुतेक माणसं बिनपगारी, वर आपल्या प्रवासाचा खर्च स्वतःच भरणारी. भोपळा चार-चारदा विकावा लागतो तो यासाठी.

हे जहाज चालवणारी 'मर्सी शिप्स' ही संस्था डॉन आणि डेयन स्टीव्हन्स या जोडप्याने 1978 मध्ये सुरू केली. त्यांनी विकत घेतलेलं पहिलं जहाज 'व्हिक्टोरिया' नावाचं इटालियन प्रवासी जहाज होतं. हे वाचताना मी थबकले. 1953 पासून ही 'व्हिक्टोरिया' इटलीहून सुवेझमार्गे मुंबईला येत असे. विमानप्रवास सामान्यांच्या आवाक्यात येण्यापूर्वी आपल्याकडची कितीतरी माणसं शिक्षणासाठी, नोकरीसाठी अशा बोटींनी युरोपात गेली. हातरुमाल हलवत निरोप दिलेली तीच बोट पुढे 'अनास्तासिस' झाली. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ पुनरुत्थान. त्या नावाने ती 2007 पर्यंत हॉस्पिटल म्हणून फिरली आणि शेवटी गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघाली.

गँगवेवर, म्हणजे धक्क्यावरून जहाजात चढायच्या जिन्यावर, नेपाळचा एक माजी गुरखा सैनिक पहाऱ्याला होता. सिस्टरचं नाव वाचून त्याने हिंदीत विचारलं, "जेवलात का?" प्रवासात दीड दिवस खंबीर राहिलेल्या सिस्टरचे डोळे तिथे भरून आले.

काम नसलेले दिवस

सोमवारी सकाळी सात वाजता सिस्टर गणवेश घालून तयार होती. काम मात्र मिळालं नाही. सोमवार गेला आगीच्या सरावात: भोंगा वाजला की कुठल्या जिन्याने कुठे जमायचं, लाइफ जॅकेट कसं बांधायचं. जहाज धक्क्याला बांधलेलं असलं तरी ते जहाजच, तिथे पहिला नियम समुद्राचा. मंगळवारी औषधांच्या नोंदी आणि कागद. इथे साठहून अधिक देशांची माणसं राबतात, त्यामुळे कुठलाही शब्द गृहीत धरता येत नाही. आपल्या वॉर्डात 'स्टॅट' म्हटलं की जी धावाधाव होते, ती दुसऱ्या देशाच्या नर्सच्या कानात तशी उमटेलच असं नाही. डोस मोठ्याने म्हणायचा, दुसरीने तो पुन्हा म्हणायचा. त्याच दिवशी रक्तगट तपासला. या जहाजावर बाटल्यांनी भरलेली मोठी रक्तपेढी नसते. कर्मचारीच चालती-बोलती रक्तपेढी असतात. थिएटरमध्ये गरज पडली की यादीतल्या माणसाला बोलावतात आणि त्याने दिलेलं रक्त लगेच रुग्णाला चढतं. स्वयंपाकघरातला माणूस हात पुसून रक्त द्यायला खाली जातो.

मंगळवारी रात्री ती डेकवर माझ्याशेजारी येऊन बसली. "ताई, लोकांनी कोंबड्या विकून पाठवलंय मला. आणि मी दोन दिवस नुसती ऐकतेय." तिचा संकोच खरा होता. घरून व्हॉट्सॲपवर महिला मंडळाचा निरोप आलेला: किती ऑपरेशनं झाली? फोटो पाठवा. रुग्णांचे फोटो काढायला तर मनाईच होती. तिने खाडीपलीकडच्या दिव्यांचा फोटो पाठवला.

मला तो संकोच महत्त्वाचा वाटला. भिंत रंगवायला आलेल्या त्या मुलांना असे दोन दिवस कुणी दिले नव्हते. उतरल्या उतरल्या हातात ब्रश दिला होता, कारण त्यांच्याकडे दहाच दिवस होते आणि त्यांना काहीतरी केल्याचं समाधान हवं होतं.

बुधवारी ती वॉर्डात गेली, तीसुद्धा एका स्थानिक मुलीच्या हाताखाली. ही मुलगी दुभाषी. वय चोवीस असेल. जहाजावर दोनशेहून अधिक स्थानिक माणसं पगारी काम करतात आणि त्यांच्यातल्या दुभाष्यांवाचून वॉर्ड एक तास चालणार नाही. देशाच्या सगळ्या टोकांना जोडणारी भाषा क्रिओ. तिची घडण इंग्रजीची, पण योरुबा, पोर्तुगीज आणि आणखी कितीतरी भाषांचे शब्द पोटात घेतलेली. पण आतल्या खेड्यातली आजी तेम्ने बोलते, शेजारच्या खाटेवरचा म्हातारा मेंदे. सर्जन इंग्रजीत सांगणार, दुभाषी क्रिओत, आणि कधी कधी तिसरी कुणीतरी ते तेम्नेत. उत्तर त्याच वाटेने परत.

"आधी 'कुशे' म्हणा," दुभाषी म्हणाली. कुशे म्हणजे नमस्कार. मग 'आउ दि बॉडी?' म्हणजे प्रकृती कशी आहे? उत्तर 'दि बॉडी फाइन', नाहीतर 'ए टेल गॉड तेंकी', देवाचे आभार. वेदना असली तरी उत्तर बहुधा हेच येतं. कारण ते अभिवादन आहे, तपासणी नव्हे. वीस वर्षं 'काय त्रास होतोय?' विचारून काम सुरू करणाऱ्या सिस्टरला हे नव्याने शिकावं लागलं. दुभाषी तिला सांगत होती की आधी नाव विचारा, घरचं विचारा, मुलं किती, कुठून आलात. दुखतंय का हे पाचवं. आणि उभ्याने विचारू नका, बसा.

सिस्टर खाटेच्या कडेला बसली. खाली जमिनीवर गादी घालून रुग्णाबरोबर आलेलं माणूस झोपतं. तिथून एका आजीने तिच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच हसली. आपल्या सरकारी दवाखान्यांतही खाटेखाली चटई टाकून बसलेली आई किंवा सासू असते आणि राउंडच्या वेळी तिला बाहेर काढतात. इथे तिची गादी वॉर्डाच्या हिशेबात धरलेली आहे.

फ्रीटाउन आणि फ्रेरटाउन

शहराच्या मध्यभागी कॉनॉट हॉस्पिटल आहे. त्याच्या आवाराशी एक जुनी दगडी कमान उभी आहे, 1817 ची. गुलामांची वाहतूक करणारी जहाजं अटलांटिकमध्ये पकडून इंग्रजांचं आरमार त्यांतल्या माणसांना इथे आणून सोडत असे. त्या आवारात त्यांची नोंद व्हायची, आजाऱ्यांवर उपचार व्हायचे. साखळीतून सुटलेला माणूस स्वतंत्र म्हणून पहिलं पाऊल इथे टाकायचा. आता तिथून रुग्ण आणि विद्यार्थी जा-ये करतात.

या किनाऱ्यावर चर्च मिशनरी सोसायटीचे पहिले दोन मिशनरी 1804 मध्ये उतरले. त्यांच्यानंतर आलेल्यांपैकी कित्येकांचा अंत पहिल्या एक-दोन वर्षांतच तापाने झाला. त्यांच्या पहिल्या आठवड्यांबद्दल वाचताना वाटतं, निम्मा वेळ आजारपणात आणि निम्मा भाषेत गेला असेल. आपल्याकडेही तेच. अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले तेव्हा त्यांना परत पाठवण्याचा हुकूम आधीच निघालेला होता. हॉल राहिले, मराठी शिकले, आणि 1826 मध्ये नाशिककडून परतताना वाटेत कॉलऱ्याने गेले. सिस्टरची पणजी ज्या शाळेत शिकली, ती या माणसांनी सुरू केलेल्या कामातूनच पुढे उभी राहिली.

पण मला अधिक जवळची वाटते ती दुसरी गोष्ट, आणि ती नाशिकची आहे. अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडली जात, तेव्हा त्यांतली आफ्रिकन मुलं मुंबईला आणली जात. त्यांच्यापैकी पुष्कळांना चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकजवळ शरणपूरला ठेवलं, सुतारकाम-लोहारकाम आणि लिहिणं-वाचणं शिकवलं. इंग्रज त्यांना 'नासिक बॉइज' म्हणत. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या शेवटच्या प्रवासात त्यांच्यापैकी काही होते. जेकब वेनराइट हा शरणपूरचाच तरुण. लिव्हिंगस्टनच्या शवाबरोबर तो इंग्लंडपर्यंत गेला आणि एप्रिल 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याने शवपेटीला हात दिला. त्यानंतर शरणपूरला सुपरिंटेंडेंट राहिलेले प्राइस मोंबासाला गेले आणि तिथे मुक्त केलेल्या गुलामांची वसाहत उभी राहिली. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेर यांच्या नावावरून ती 'फ्रेरटाउन'. तिथे शिकवायला, सुतारकाम करायला, दुभाषी व्हायला कोण गेलं? नाशिकला वाढलेले हेच आफ्रिकन. गोदाकाठाहून परदेशी सेवेला गेलेली ही पहिलीवहिली माणसं असावीत आणि नाशिकमध्ये आज शरणपूर रोडवरून जाणाऱ्यांना त्यांची आठवणही नाही. फ्रीटाउन एका किनाऱ्याला, फ्रेरटाउन दुसऱ्या. मधल्या सगळ्या आफ्रिकेएवढं अंतर. पण दोन्हीकडचं काम चाललं ते दोन भाषा जाणणाऱ्या माणसाच्या जिभेवर.

'नाही' सांगणारी खुर्ची

गुरुवारी रुग्णांची निवड होती. सिस्टरला रक्तदाब मोजायला नेलं. पहाटेपासून माणसं आलेली. कुणाच्या गळ्याला नारळाएवढी गाठ, कुणाचं मूल दोन्ही पाय धनुष्यासारखे वाकलेलं. कुणी स्त्री जबडा ओढणीने झाकून बसलेली. गाठ वर्षानुवर्षं वाढत राहिली की माणसाचं बाहेर पडणं थांबतं, बाजारात जाणं थांबतं, लग्नं मोडतात. आलेल्यांपैकी कित्येकांनी प्रवासासाठी कर्ज काढलं होतं.

जहाजाला सगळं जमत नाही. त्याच्याकडे ठरावीक शाखांचे सर्जन ठरावीक महिन्यांसाठी येतात. ज्याची शस्त्रक्रिया करून पाठपुरावा करता येणार नाही त्याला घेत नाहीत. कर्करोग पसरलेला असेल, हृदय साथ देणार नसेल, पाठीच्या कण्याचं दुखणं असेल, तर उत्तर 'नाही'. हे 'नाही' रांगेत उभ्याउभ्या सांगत नाहीत. बाजूला खुर्च्या मांडलेल्या असतात. तिथे एक माणूस आणि एक दुभाषी बसवून, वेळ घेऊन सांगतात. पुढे काय करता येईल तेही सांगतात आणि हवी असेल तर प्रार्थना करतात. त्या दिवशी ज्या बापाला 'नाही' मिळालं तो सहा वर्षांच्या मुलीला पाठीवर घेऊन आला होता. त्याने ऐकून घेतलं. तीनदा 'तेंकी' म्हणाला. मुलीला पुन्हा पाठीला बांधलं आणि गेला.

सिस्टर त्या दिवशी जेवली नाही. रात्री तिने स्वतःच तो प्रश्न काढला जो मी विचारायचा टाळत होते. "माझ्या तिकिटाच्या पैशात इथल्या एखाद्या नर्सचा किती महिन्यांचा पगार निघाला असता, ताई?"

मला याचं उत्तर सोपं वाटत नाही. बाहेरून येणारी माणसं जेवढा काळ थांबतात तेवढाच त्यांचा उपयोग असेल, तर पैसे इथल्या नर्सलाच द्यावेत. जहाज दोन हंगामांनी निघून जात असेल आणि मागे नुसत्या आठवणी राहत असतील, तरी तेच. जहाजाचीही जुनी पद्धत दहा महिन्यांनी देश बदलण्याची होती. आता एकाच देशात वर्षानुवर्षं परतून, इथल्या सर्जनना, भूलतज्ज्ञांना, नर्सेसना शिकवण्याकडे ओढा आहे आणि तोच बदल मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 पासून हेच दाखवून दिलं. निरक्षर, दलित, टाकलेल्या बायकांना आरोग्यसेविका करून त्यांनी गावाचं आरोग्य गावाच्या हाती दिलं, आणि मग जगभरातून डॉक्टर त्या बायकांकडून शिकायला जामखेडला येऊ लागले. आरोळे दांपत्यही ख्रिस्ती श्रद्धेतूनच कामाला लागलं होतं. सिस्टरला मी हे सांगितलं. तिला ते माहीत होतं. तिची एक मावशी तिथे प्रशिक्षण घेऊन आलेली. "मग मला इथल्या कुणाच्या तरी हाती काहीतरी ठेवून जायला पाहिजे," ती म्हणाली आणि झोपायला गेली.

गॉज

शुक्रवारी तिला एक रुग्ण मिळाली. आठ वर्षांची. तिसऱ्या वर्षी चुलीवरचं उकळतं तेल सांडून उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला होता. त्वचा भरून येताना आखडत गेली आणि हात कोपरात घडी घालून दंडाला चिकटला. पाच वर्षं तसाच. तिने डाव्या हाताने जेवायला शिकायचं टाळलं, कारण इथेही डावा हात जेवायचा नव्हे. ती थेट ताटाला तोंड लावायची, हे आजीने सांगितलं. शस्त्रक्रियेत ती घडी सोडवून उघड्या जागेवर मांडीची कातडी लावली होती. आता ड्रेसिंगचा दिवस.

जिथे कलम केलेलं असतं तिथे वाळलेलं गॉज चिकटतं. ते ओढलं तर नवी कातडी निघून येते आणि मूल जन्मभर नर्सला घाबरतं. सलाइनने भिजवायचं, थांबायचं, पुन्हा भिजवायचं, मग एक कोपरा उचलून बघायचा. आपल्याकडच्या गर्दीच्या वॉर्डात सिस्टरला एका ड्रेसिंगला दहा मिनिटं मिळत. इथे तास होता. तरी तिची बोटं सवयीने भराभर चालली. पहिलाच पदर तिने उचलला आणि मुलगी किंचाळली. पाठोपाठ आजीचा सूर. दुभाषीने सिस्टरच्या मनगटावर हलकेच हात ठेवला. "स्मॉल स्मॉल," ती म्हणाली. हळूहळू. "लेट इट ड्रिंक." त्याला पाणी पिऊ दे.

सिस्टरने हातमोजे काढले आणि खाली बसली. वीस वर्षांच्या अनुभवी नर्सला चोवीस वर्षांची मुलगी थांबवते आणि नर्स थांबते. त्या आठवड्यात मी जे जे पाहिलं त्यात मला हे सगळ्यांत मोठं वाटतं. दुभाषीने साबणाचे फुगे उडवले. मुलीने एक फुंकला, मग दुसरा. सिस्टर थेंब थेंब सोडत राहिली. पंचवीस मिनिटं कुणी काहीच केलं नाही, भिजवण्याखेरीज. मग गॉज आपसूक सुटायला लागलं. खाली गुलाबी, ओलसर, जिवंत कातडी. "लागली," सिस्टर मराठीत म्हणाली. म्हणजे कलम लागलं. आंब्याच्या कलमाला आपण म्हणतो तसंच. दुभाषीने तो शब्द विचारून घेतला. "लागली" आता त्या वॉर्डात क्रिओ झाला आहे.

दुभाषीला नर्सिंगला जायचं आहे. शनिवारी दुपारी, दोघींची सुट्टी असताना, सिस्टरने तिला जखमेच्या कडा कशा वाचायच्या ते वहीत काढून दाखवलं: कुठला लालपणा चांगला, कुठला वाईट, वासावरून काय कळतं. दुभाषीने बदल्यात तिला वीस क्रिओ शब्द लिहून दिले आणि कसाव्याच्या पाल्याची भाजी भाताबरोबर खायला घातली. भात जेवलं नाही तर दिवसभरात जेवलोच नाही असं इथली माणसं म्हणतात. हे ऐकून मला रत्नागिरीची माझी आजी आठवली. सिस्टरने पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली. शेंगदाण्याचा रस्सा रोज खाणाऱ्या माणसांना तिची ओळख करून द्यावी लागली नाही.

रविवार

मिशन म्हणजे धर्मांतर का, हा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात असणार. माझ्याही होता. सिएरा लिओनमध्ये बहुसंख्य लोक मुसलमान आहेत. एकाच घरात मुसलमान आणि ख्रिस्ती सुखाने नांदतात आणि सभेची सुरुवात बहुधा दोन्ही प्रार्थनांनी होते. वॉर्डात बहुतेक रुग्ण मुसलमान होते. आठ वर्षांच्या त्या मुलीची आजी खाटेशेजारी चटई पसरून नमाज पढत असे, आणि तेवढा वेळ सिस्टर औषधांची ट्रॉली थोडी बाजूला घेई. रुग्णाची निवड रोगावरून होते, धर्मावरून नाही. तरी हे जहाज आपली श्रद्धा लपवत नाही. वॉर्डात गाणी होतात, प्रार्थना होतात, येशूचं नाव घेतलं जातं. हे जहाज त्याच्या नावानेच निघालेलं आहे.

मी सिस्टरला सरळच विचारलं. तिने बराच वेळ घेतला. "पेशंट आडवा असतो आणि आपण उभे असतो. उभ्याने आडव्याला धर्म विचारू नये. त्याने विचारलं तर मी माझं सांगेन, लाजायचं काय त्यात? पण मला इथे प्रभूने पाठवलंय ते ड्रेसिंग करायला." मला हे पटलं. खाटेवरच्या माणसाला 'नको' म्हणण्याची ताकद नसते, आणि ती नसताना दिलेला होकार घेणं कुठल्याच धर्मात बसत नाही.

रविवारी सकाळी ती शहरातल्या एका लहानशा चर्चमध्ये गेली. ढोल, टाळ्या, नाचत पुढे येऊन दिलेलं अर्पण. उपासना तीन तास चालली. पाळकांनी पाहुणीला चार शब्द बोलायला सांगितलं. तिने आदल्या रात्री पाठ केलेली दोन क्रिओ वाक्यं म्हटली, तिसऱ्याला अडली, आणि मग मराठीतच नारायण वामन टिळकांचं एक भजन गायला लागली. कुणालाही शब्द कळले नाहीत. दुसऱ्या कडव्याला ढोल बरोबर आला.

त्या संध्याकाळी महिला मंडळाचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर सात-आठ बायका दाटीवाटीने. "किती ऑपरेशनं झाली गं?" पुन्हा तोच प्रश्न. सिस्टर म्हणाली, "मावशी, मी अजून बोलायला शिकतेय. एक हात सुटलाय." मावशींना नीट ऐकू आलं नसावं. त्यांनी भोपळ्याचं सांगितलं: शेवटी तो ज्याने घेतला त्याने त्याचे घारगे करून सगळ्या मुलांना वाटले.

सोमवारी मी निघणार होते. बोटीला वेळ होता म्हणून वॉर्डात डोकावले. ड्रेसिंगची वेळ झाली होती. आजी खाली गादीवर, दुभाषी एका बाजूला, फुग्यांची बाटली बंद. सुई नसलेली सलाइनची सिरिंज मुलीच्या हातात होती. उजवा हात अजून सरळ होत नव्हता, तो उशीवर ठेवलेला. डाव्या हाताने ती स्वतःच गॉजवर थेंब सोडत होती, ओठ दाबून, अगदी सावकाश. सिस्टर ट्रे धरून शेजारी बसली होती. मध्येच तिने एक कोपरा उचलायला हात पुढे केला.

"स्मॉल स्मॉल," मुलगी म्हणाली.

सिस्टरने हात मागे घेतला.